बायोडाटा कुठल्या फाइलीत पाठवायचा?

मेहकरला बसस्टँडच्या समोरच्या ओळीत माझं दुकान आहे. आधी ती टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मग मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, झेरॉक्स आली, नेट आलं, पण लोकांच्या तोंडी मी टायपिंगवाल्या मॅडमच राहिले. लग्नपत्रिका, भाडेकरार, ग्रामपंचायतीचे ठराव, कोर्टातली प्रतिज्ञापत्रं, सगळं या बोटांखालून गेलं. पण सगळ्यात जास्त काही केलं असेल तर ते बायोडाटा.

"मॅडम, बायोडाटा बनवून द्या," असं म्हणत कोणी आत आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लग्नाचा की नोकरीचा?" गिऱ्हाईक हसतं. मी हसत नाही, कारण जानेफळचा एक इंजिनिअर मुलगा मला आठवतो. त्याच्या पेनड्राइव्हवर दोन्ही फाइली होत्या आणि दोन्हींचं नाव 'बायोडाटा' एवढंच होतं. त्यानं घाईत स्वतःच मेल केला आणि पुण्याच्या कंपनीला त्याची रास, नाडी, मामाचं गाव आणि 'अपेक्षा : मुलगी मनमिळाऊ असावी' हे सगळं पोचलं. कंपनीत कोणीतरी गमत्या माणूस असावा. त्याचं उत्तर आलं : 'आपल्या अपेक्षा कळल्या. आमच्याही काही आहेत. कृपया नोकरीचा बायोडाटा पाठवावा.' तो उत्तराचा कागद घेऊन मुलगा दुकानात आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पुढे त्याला तीच नोकरी लागली, पण फाइलीला आपलं पूर्ण नाव द्यावं हे तो जन्मात विसरणार नाही.

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बायोडाटा मेलनं पाठवायचे मुख्य तीन प्रकार. एक वर्डची फाइल. ती ओल्या विटेसारखी. कोणीही उघडावी, कोणीही दाबावी, आकार बदलावा. माझ्या कॉम्प्युटरवर एका पानात बसलेला मजकूर समोरच्याकडे दीड पानावर पसरतो, आणि आपला फॉन्ट त्यांच्याकडे नसला तर मराठीच्या जागी नुसते इंग्रजी किडे-मकोडे दिसतात. दुसरी पीडीएफ. ती भट्टीतून निघालेली वीट. मेहकरात जशी दिसली तशीच मुंबईत दिसणार. आणि तिसरा प्रकार म्हणजे मोबाईलवर काढलेला फोटो. तो विटेचा फोटो. त्यानं भिंत बांधता येत नाही. एका मुलानं तर बायोडाटा खाटेवर ठेवून फोटो काढला होता, आणि कोपऱ्यात शेळीचा पाय आला होता.

म्हणून माझा एक कायदा होता. बायोडाटा पीडीएफमध्येच जाणार. गिऱ्हाईक कितीही शिकलेलं असो, मी ऐकत नसे. आणि मराठी मजकूर मी माझ्या जुन्या फॉन्टमध्येच टाइप करायची. त्या फॉन्टची वळणं मोत्यासारखी होती. तो टाइपरायटरच्या पद्धतीनं चालतो, आणि माझ्या हाताला तेच वळण. माझी पीडीएफ पाहून लोक म्हणायचे, मॅडम, छापखान्यातून आल्यासारखी वाटते. मला ते आवडायचं.

हा कायदा कसा मोडला, ते सांगायला बसले आहे.

दिवाळी होऊन गेलेली होती. दुपारच्या वेळी दुकानात एक माणूस आला. अंगावर पांढरा सदरा, त्यावर आणखी पांढरं पीठ, भुवयासुद्धा पिठानं भरलेल्या. त्याच्या दंडाला धरून एक विशी-बाविशीची मुलगी होती. दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी, हातात घडीची पांढरी काठी. उंबऱ्याशी ती क्षणभर थांबली, पायानं अंदाज घेतला आणि आत आली.

"मॅडम, सुलतानपूरहून आलो," तो म्हणाला. "माही पिठाची चक्की हाये तिथं. नामदेव नाव माह्यं. हे माही वैशाली. इले नोकरीचा कागद धाडाचा हाये. आजच धाडाचा हाये म्हन्ते."

"कुठं धाडायचा?" मी विचारलं.

मुलीनंच उत्तर दिलं. तिचं बोलणं आमच्या भागातलं असलं तरी शाळेनं घासूनपुसून घेतलेलं होतं. पुण्यात एक संस्था होती. अंध मुलांसाठी शाळेची आणि कॉलेजची पुस्तकं बोलक्या स्वरूपात तयार करायची. तिथं मराठी पुस्तकांच्या कामासाठी माणसं घेणार होते. अर्ज मराठीत, मेलनं, आज संध्याकाळच्या आत. "आणि सोबत एकच फाइल जोडा म्हणून लिहिलंय, मॅडम. मैत्रिणीनं काल रात्री फोनवर वाचून दाखवली जाहिरात. आधी कळलंच नाही."

"काळजी करू नको," मी म्हटलं. "सांग, मी टाइप करते."

तिनं पिशवीतून जाड कागद काढले. त्यांवर शाई नव्हती, नुसते उठलेले ठिपके. ते मांडीवर ठेवून ती बोटं फिरवू लागली आणि सांगू लागली. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून टाइप केलं. गिचमिड अक्षर, पुसट शाई, वकिलांचे खुणांचे कागद, सगळं वाचलं. पण माझ्यासमोर पांढरा कोरा कागद होता आणि त्यातून माणूस घडाघडा वाचत होतं. माझी बोटं दोनदा थांबली. तिला ते लगेच कळलं.

"कुठं राहिलं, मॅडम?"

"काही नाही, पुढं सांग."

शिक्षण, शाळा, कॉलेज, वसतिगृह, असं होत होत ती 'अनुभव' या मथळ्याशी आली. एक ओळ तिनं अशी सांगितली : 'सुट्ट्यांमध्ये घरच्या पिठाच्या गिरणीत काम. धान्याचा ओलावा आणि दळणाचा जाडेपणा हाताने तपासणे.'

मी म्हटलं, "बेटा, ही ओळ कशाला? पुस्तकांच्या कामाला चक्की कुठं लागते?"

"राहू द्या, मॅडम. ते माझं काम आहे. दुसरं कोणतं काम मी इतकी वर्षं केलेलं नाही."

मी ती ओळ ठेवली. नामदेवभाऊ ती सांगायला लागली तेव्हाच चक्कीचं सामान घ्यायला बाजारात गेले होते, येताना चहा आणतो म्हणाले होते.

पान तयार झालं. सुरेख. मी नेहमीसारखी पीडीएफ केली आणि पाठवायला घेतली.

"थांबा मॅडम," वैशाली म्हणाली. "आधी माझ्या मेलवर टाका. मला वाचायचंय."

तिचा फोन तिच्याशी बोलायचा. बोट टेकवेल ते शब्द तो म्हणायचा, आणि इतक्या वेगानं की मला नुसती चिवचिव ऐकू येत होती. तिनं फाइल उघडली. माझी मोत्यांची फाइल. फोन बोलू लागला : "एस, एम, कंसात के, टक्का, जे, एच, एच..."

मला वाटलं, फोन बिघडला.

वैशालीनं फोन कानाजवळ नेला, पुन्हा लावला, मग खाली ठेवला. "मॅडम, तुम्ही जुना फॉन्ट वापरलाय का?"

"हो. काय झालं?"

"त्यात अक्षरं मराठी दिसतात, पण आत इंग्रजीच असतात. वरून मराठीचं चित्र. मशीन आतलं वाचतं." ती अगदी शांतपणे म्हणाली. "ज्याला दिसत नाही त्याला हे असं ऐकू येतं."

मी खुर्चीत मागं टेकले. इतकी वर्षं मी मराठी टाइप करते असं समजत होते. आणि या मुलीनं कानानं ऐकून सांगितलं की त्या पानात मराठीचं एक अक्षरही नाही. मला राग आला नाही, वाईट वाटायलाही सवड झाली नाही. मी फक्त त्या फोनकडे पाहत राहिले. आपल्याच घरात एक दार आहे आणि ते आज कोणीतरी पहिल्यांदा उघडलं, तसं वाटलं.

"मग युनिकोडमध्ये करावं लागेल," मी म्हटलं. युनिकोड म्हणजे ज्यात आतलं अक्षरही मराठीच असतं. माझ्या कॉम्प्युटरवर ते होतं, पण त्याचा कीबोर्ड वेगळा, शाळा-कॉलेजातली मुलं शिकतात तो. माझी बोटं त्यावर चाचपडत चालायची. एक ओळ करायला मला किती वेळ लागतोय ते तिनं कळांच्या आवाजावरून ओळखलं असावं.

"मी बसू का, मॅडम?"

माझ्या खुर्चीवर मी सहसा कोणाला बसू देत नाही. उठले. ती बसली, कळांवरून एकदा हात फिरवला आणि दोन कळांवरच्या बारीक उंचवट्यांवर बोटं टेकवली.

आणि मग तिनं टाइप करायला घेतलं.

मी टायपिंग शिकवलेलं आहे. गडबडणारी, मान खाली घालून कळा शोधणारी शेकडो बोटं पाहिलेली आहेत. 'कीबोर्डकडं बघू नका' असं ओरडून माझा घसा बसायचा. ही मुलगी कशाकडेच पाहत नव्हती. तोंड किंचित वर, पंख्याच्या दिशेला, आणि बोटं पावसासारखी. माझ्या कॉम्प्युटरमध्ये मराठी वाचून दाखवणारं काही नव्हतं, त्यामुळे आपण काय टाइप केलं ते तिला ऐकूही येत नव्हतं. ती पूर्ण अंधारात आणि पूर्ण शांततेत लिहीत होती.

"मॅडम, तुम्ही वाचा," ती म्हणाली. "जे दिसतं ते तसंच वाचा. चुकलं असेल तर चुकलेलंच वाचा."

मी तिच्यामागं उभी राहून मोठ्यानं वाचू लागले. तिचा फोन जे काम करायचा ते आता मी करत होते. वाचता वाचता माझा आवाज आपोआप सावकाश झाला. प्रत्येक वेलांटी नीट पाहायची, प्रत्येक टिंब. झेरॉक्सला आलेले दोघंजण काउंटरपाशी उभे होते, पण घाई करा असं कोणी म्हणेना. एका ठिकाणी रफार राहिला होता. मी तसंच वाचलं. ती हसली, परत गेली, रफार दिला. एवढीच चूक.

आता पुन्हा पीडीएफ. पुन्हा तिच्या फोनवर. या वेळी फोन मराठी बोलला, पण बोबडं. 'शिक्षण'चं 'शक्षिण' झालं, जोडाक्षरं मधूनच फुटत होती. पीडीएफ करताना वेलांट्या जागा सोडतात, असं कधीमधी होतं म्हणे. डोळ्यांना पान निर्दोष होतं. कानाला ते अडखळत होतं.

वैशालीनं ती ओळ पुन्हा एकदा ऐकली. मग म्हणाली, "वर्डची पाठवू."

माझा सगळा जीव त्या एका वाक्याशी भांडायला उठला. "अगं, पसरेल ती! तिकडं जाऊन समास हलेल, ओळी खाली जातील. पहिल्या नजरेत माणूस काय पाहतो? पान पाहतो."

"तिकडं पहिली नजर असेल की पहिला कान, ते कुठं माहीत आहे आपल्याला?" ती म्हणाली. "पाहणाऱ्याला ओळ थोडी हललेली चालते, मॅडम. तो समजून घेतो. ऐकणाऱ्याला शब्द फुटला तर काय समजणार? एकच फाइल जोडायची आहे. मग अशी पाठवू, जी दोघांना कळेल."

मी वर्डची फाइल तिच्या मेलवर टाकली. "सगळ्यांना ऐकू येऊ द्या," म्हणून तिनं आवाज मोठा केला आणि वेग कमी केला, माझ्यासाठी.

नामदेवभाऊ चहाचे कप घेऊन आत आले ते त्याच वेळी. फोन बोलत होता. बाईचा सपाट, न थांबणारा आवाज. पण शब्द न् शब्द स्वच्छ. नाव. गाव सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा. शिक्षण. वक्तृत्वाचं बक्षीस. वसतिगृहात नव्यानं आलेल्या अंध मुलींना ब्रेल शिकवणं. वसतिगृह ते महाविद्यालय रोज स्वतंत्र प्रवास.

नामदेवभाऊंनी कप काउंटरवर ठेवले. "हे कोनाचं हाये?"

"माह्यंच हाये, बाबा."

"एकटी जात होती तू कालेजात? तो मोठा रस्ता वलांडून?"

"हाव."

"मंग मले काऊन नाई सांगलं?"

"सांगलं असतं त तुमी मले घरी घेऊन आले असते."

फोन पुढं चालू होता : 'सुट्ट्यांमध्ये घरच्या पिठाच्या गिरणीत काम. धान्याचा ओलावा आणि दळणाचा जाडेपणा हाताने तपासणे.'

"चक्की बी लिवली?" ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं स्वतःशीच बोलले.

नामदेवभाऊंना वाचता येत नव्हतं. दुसरीतून शाळा सुटलेली. मुलीचे निकाल, प्रशस्तिपत्रकं घरात आली असतील, कोणी शेजाऱ्यानं वाचूनही दाखवली असतील. पण तिचं सगळं आयुष्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात, त्यांनी आज ऐकलं. माझ्या हातून हजारो बायोडाटा गेले. आईबापांसमोर एखादा मोठ्यानं वाचला जावा असं एकदाही घडलं नव्हतं. ते कागद साहेबांसाठी असतात, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"पुन्ना लाव बरं," नामदेवभाऊ म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं. ते पिठानं भरलेल्या सदऱ्यात, दोन्ही हात बांधून, देवळात कीर्तन ऐकावं तसे उभे होते. झेरॉक्सला आलेल्या दोघांपैकी एकानं हळूच टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मीही त्या चौघांत उभी होते आणि मला माझ्याच दुकानात पाहुणी आल्यासारखं वाटत होतं.

मेल गेला. चहा थंड झाला होता, तो तसाच प्यायलो. जाताना नामदेवभाऊ मला म्हणाले, "मॅडम, मी दळन बारीक झालं का जाड झालं हे आवाजावरून सांगतो. लोकायले नवल वाटते. पन हे पोरगी त माह्या लई पुढं निंगाली." मग दंड पुढं करून म्हणाले, "चाल." मुलीनं दंड धरला. दारापाशी मात्र तिनंच त्यांना थांबवलं, कारण बाहेर मोटारसायकल वळत होती आणि ती त्यांच्याआधी तिला ऐकू आली होती.

पुढं काही आठवडे गेले. मग एक दिवस वैशालीचा फोन आला. मुलाखतीला पुण्याला बोलावलं होतं. नंतर दुसरा फोन आला : घेतलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनाही दिसत नव्हतं. आलेले अर्ज त्या स्वतः ऐकत असत. "त्या म्हणाल्या, पुष्कळ फाइली उघडल्या की नुसत्या गप्प बसतात, नाहीतर इंग्रजी अक्षरं ओकतात. मग शेजारच्या बाईंना वाचायला सांगावं लागतं. तुझी मी एकटीनं ऐकली." आणि त्यांनी पहिला प्रश्न कशावरून विचारला असेल? चक्कीवरून. ओलावा हाताला कसा कळतो, ते सांग म्हणाल्या. त्यावर या दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

त्यानंतर मी जुना फॉन्ट लग्नपत्रिकांपुरता ठेवला. नवा कीबोर्ड शिकले. या वयात बोटांना नवं वळण लावणं सोपं नव्हतं, पण शिकले. पीडीएफ मी आजही बहुतेकांना करून देते, कारण बहुतेकांना तीच सोयीची. पण आता गिऱ्हाईकाला आधी विचारते की मागणाऱ्यानं काय मागितलंय, आणि तिकडं ते कोण वाचणार आहे. या दुसऱ्या प्रश्नाला फारसं कोणाकडे उत्तर नसतं. नसलं तरी विचारते. आधी केलेल्या त्या सुबक फाइली आठवतात तेव्हा मात्र चुटपुट लागते. त्यांतली एखादी कुठंतरी कोणाच्या कानाशी जाऊन मुकी बसली असेल का, हे मला आता कधीच कळणार नाही.

गेल्या वर्षी बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला पुण्याला गेले होते. वैशालीनं पत्ता दिलाच होता. रिक्षा करून गेले. जुन्या बंगल्याचा पहिला मजला. जिना चढून वर गेले तर दार उघडं आणि आत काळोख. खिडक्या बंद, जाड पडदे, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून असावेत. मला वाटलं, लाईट गेली, सगळे जेवायला गेले. परत फिरणार तेवढ्यात आवाज ऐकू आला. कीबोर्डचा. एक नाही, बरेच. त्या अंधाऱ्या खोलीत सगळीकडून कळा वाजत होत्या, एका वेगानं, न थांबता. मध्येच कोणाच्या तरी हेडफोनमधून बारीक चिवचिव गळत होती. कोणीतरी हसलं. कोणीतरी कोणाला म्हणालं, पाचवीचा भूगोल संपला, आता सहावीचा दे.

मी उंबऱ्यातच थांबले. पुढं पाऊल टाकायची हिंमत होईना. टेबल कुठं, खुर्ची कुठं, काही दिसत नव्हतं.

"कोण आहे?" आतून एका पुरुषाचा आवाज आला.

"मी मेहकरहून आले," मी म्हटलं.

एका कोपऱ्यातल्या कळा थांबल्या. "मॅडम!" वैशालीचा आवाज. खुर्ची सरकली. "तिथंच थांबा हं. हलू नका, उजव्या हाताला पायरी आहे, पडाल." तिची पावलं टेबलांमधून सरळ माझ्याकडे येत होती, एकदाही न अडखळता. मग ती भिंतीकडं वळली.

"थांबा," ती म्हणाली, "तुमच्यासाठी लाईट लावते."